बापाची आवड, लेकीची वाट

वांद्र्याला उत्तरेकडून लागून असलेल्या खारमध्ये एका रस्त्याला चित्रकार धुरंधरांचे नाव आहे. १९२४ साली खार रोड स्टेशन सुरू झाले, आखीव रस्त्यांची नवी वस्ती वाढू लागली आणि नोकरदार मध्यमवर्ग शहरातून इकडे सरकला. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) याच वस्तीचे रहिवासी. त्यांची मुलगी अंबिका (१९१२–२००९) हीसुद्धा चित्रकार झाली. अशा घराविषयी बोलताना ‘रक्तातच होते’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण इतिहास त्याला दुजोरा देत नाही. आवड आईबापांकडून येते हे खरे; ती आयुष्यभर टिकायची तर घराबाहेर एखादी संस्था लागते आणि वारसदाराची स्वतःची निवडही लागते.

धुरंधर स्वतः चित्रकाराचे चिरंजीव नव्हते. कोल्हापूरहून ते १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आले, १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, पुढे ते त्याच शाळेत शिकवू लागले आणि १९३० मध्ये तिच्या संचालकपदाची सूत्रे सांभाळणारे पहिले भारतीय ठरले. ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ या आत्मकथनाच्या नावातच त्यांनी आपला संसार कुठे झाला ते सांगून टाकले आहे. १९३१ मध्ये ती एकेचाळीस वर्षे संपली आणि त्याच साली अंबिकाबाई जे. जे.मधून जी. डी. आर्ट झाल्या. मुलीने चित्रकला हे जन्माचे काम मानावे ही कल्पनाच ज्या काळात नवी होती, त्या काळात वडील ज्या वास्तूत शिकवतात तिचा उंबरा ओलांडणे तुलनेने सोपे होते. घराने आवड लावली. तिला शिस्त, परीक्षा आणि प्रतिष्ठा दिली ती शाळेने.

यावर कोणी म्हणेल, हा तर ओळखीपाळखीचा लाभ झाला, वारसा कसला? लाभ होता, हे नाकारायचे कारण नाही. पण तेवढ्याने पुढची सत्तर-पाऊणशे वर्षे कोणी कलेत रमत नाही. याच काळातले दुसरे घर पाहू. गोव्याहून आलेले अँतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) हेही जे. जे.चे शिक्षक, आणि त्यांची मुलगी अँजेला (१९०९–१९८०) तिथेच शिकली. वडील युरोपीय वास्तववादी शैलीतल्या व्यक्तिचित्रांसाठी नावाजलेले. मुलीने ख्रिस्ती विषय भारतीय वळणाने रंगवले. अंबिकाबाई मात्र वडिलांच्या वास्तववादी रीतीजवळच राहिल्या. शाळा एक, दोघींचे वडील शिक्षक, तरी वाटा निराळ्या. म्हणजे वारशात शैली येतेच असे नाही. चित्राला आयुष्य वाहता येते ही खात्री तेवढी येते.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: अंबिकाबाई वडिलांच्या सावलीत झाकोळल्या. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, चित्रकलेची भाषा बदलली आणि जुनी रीत मागे पडली. नव्या वाटेने न जाण्याची किंमत अंबिकाबाईंनी मोजली हे मान्य करायला हवे. तरी कलेवरच्या प्रेमाचे मोल केवळ नवी शैली घडवण्यात मोजायचे का? झालेले काम जपणे हेही प्रेमच. मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले ते १९९६ मध्ये. तोवरच्या दीर्घ काळात वास्तववादी चित्रकारांचा वारसा सांभाळण्याचा भार बराचसा त्यांच्या कुटुंबांवरच होता. अंबिकाबाईंनी वडिलांचे काम जपले आणि स्वतःच्या आठवणीही लिहिल्या; ‘माझी स्मरणचित्रे’ हे त्यांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. २०१८ मध्ये त्याच संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा मागे पडलेल्या चित्रकाराचा नव्याने विचार झाला. घरांनी कामे जपली नसती, तर असा फेरविचार करायला साधनेच उरली नसती. म्हणून कलेच्या इतिहासात नवे घडवणाऱ्यांइतकीच जपणाऱ्यांचीही नोंद व्हायला हवी, आणि ती ‘अमक्याची मुलगी’ एवढ्यावर थांबू नये.