फुलासाठी आणली, तळे गिळून बसली



गावतळ्यावर हिरवा गालिचा अन् त्यावर जांभळे तुरे दिसले की डोळ्यांना बरे वाटते. ही जलपर्णी. तिचे माहेर आपल्याकडचे नव्हे, दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातले. देखण्या फुलापायी माणसानेच तिला देशोदेशी नेले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती बंगालमध्ये आली, तीही शोभेसाठी. पुढे पुराबरोबर ती नदीनाल्यांत शिरली. खोल पाण्यातल्या भातावर चढून पीक लोळवू लागली, होड्या चालेनात, मासळी गुदमरू लागली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तर ही शत्रूनेच सोडली अशी आवई उठली आणि लोक तिला 'जर्मन पाना' म्हणू लागले. गंमत पाहा, त्याच युद्धात जर्मनीहून येणारा पालाश बंद झाला, तेव्हा तिच्याच राखेला पालाशासाठी गिऱ्हाईक मिळाले! १९२१ साली सरकारने जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३६ साली कायदा केला, की आपल्या जागेतली जलपर्णी ज्याची त्याने काढावी. तरी ती हटली नाही.

का हटली नाही? तिच्या वाढीच्या वाटा दोन. एक, बुडातून आडवी फूट निघते आणि टोकाला नवे रोप धरते. तुटले तरी ते वेगळे जगते. ऊब आणि सांडपाण्याचे खत मिळाले की पंधरवड्यात एकाची दोन होतात. चार रोपे राहिली तरी वर्षभरात तळे पुन्हा झाकलेच समजा. दुसरी वाट बियांची, आणि नेमकी तीच आपल्या ध्यानात येत नाही. फूल सुकले की दांडा वाकून पाण्यात जातो, बी तळाच्या गाळात बसते. पंधरा-वीस वर्षेसुद्धा ते जिवंत राहते. उन्हाळ्यात पाणी ओसरून गाळ उघडा पडला, की उगवते. तळे साफ केले होते, मग ही आली कुठून, असे आपण विचारतो. ती गेलीच नव्हती!

१९८२ साली तिच्या मूळ मुलखातला सोंड्या भुंगेरा परदेशातून बंगळूरला आणला आणि पुढे तिथल्या तळ्यांत सोडला. काही तळी त्याने चांगली मोकळी केली, पण त्याला तीन-चार वर्षे लागली. तोवर हाताला पर्याय नाही. उपसायची तर तुरे येण्याआधी उपसा. ढीग काठावर ठेवू नका, पहिल्या पावसात तो परत आत जातो. पाण्यापासून लांब खड्ड्यात, शेणकाला टाकून कुजवा.