तंजावरची छत्रे

दिल्लीच्या रामकृष्णपुरम् वसाहतीत सरकारी निवासस्थान मिळून मला सहा वर्षे झाली. सातव्या सेक्टरातील टेकडीवर तमिळ मंडळींचे मलैमंदिर आहे. त्यांनी १९६५ साली त्याचा पाया घातला आणि १९७३ साली तेथे स्वामिनाथाची प्रतिष्ठा केली. आमच्या जिन्यात अशाच एका तमिळ कुटुंबाचे बिऱ्हाड आहे. आम्ही नवखे असताना, पहिल्याच हिवाळ्यात, माझी पत्नी तापाने अंथरुणास खिळली. त्या घरच्या मामी आठ दिवस न चुकता रसम्-भात आणून देत होत्या. आभार मानावयास गेलो, तेव्हा त्यांचे वृद्ध यजमान म्हणाले, “माझे वडील ओरत्तनाडला तुमच्या राजाच्या छत्रात जेवून शिकले. मग आभार कोणी कोणाचे मानावयाचे?”

मी इतिहास विषय घेऊन पदवीधर झालेला. पण ‘आमच्या राजाचे छत्र’ मला ठाऊक नव्हते! तंजावर म्हटले की आपणांस सरस्वती महाल आठवतो, फार तर बृहदीश्वराच्या भिंतीवरचा १८०३ सालचा मराठी शिलालेख. सांबाराचे नाव संभाजीवरून पडले, ही कथाही आपण पंक्तीत हौसेने सांगतो. तिला पुरावा म्हणाल तर काही नाही.

व्यंकोजी राजांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले. कावेरीकाठचा तो मुलूख सुपीक, आणि त्यातूनच रामेश्वराची वाट जाते. देशोदेशीचे यात्रेकरू त्या वाटेने चालत. या भोसले घराण्याने वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली, त्यांतली पुष्कळशी राजस्त्रियांच्या नावांनी. १७९९ च्या तहाने सारा कारभार कंपनीकडे गेला. दुसऱ्या सरफोजींच्या हाती तंजावरचा किल्ला, सालिना एक लक्ष होन आणि वसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. राज्य गेलेल्या माणसाने काय मागावे? १८०१ साली त्यांनी रेसिडेंट टोरिन यास पत्र लिहिले, ते छत्रे आपल्याकडे राहू द्यावीत म्हणून.

हे पत्र मुळातून वाचण्याजोगे आहे. ब्राह्मणापासून पारियापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी, जो येईल त्यास शिजलेला भात मिळे; शिजलेले नको असेल त्यास शिधा. वाढणे मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून पुकारा होई, की कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे. आजाऱ्यास वैद्य आणि औषध, गर्भवतीची काळजी, तान्ह्या पोरक्या मुलांस दूध. परक्यांची अनाथ मुले पंतोजींच्या स्वाधीन करीत. त्यांना तीन वेळा अन्न आणि चार दिवसांआड तेलाचे अभ्यंग. हे अभ्यंगाचे कलम वाचताना मी थबकलो. कारकुनी करणाऱ्या माणसास कलमे नित्याचीच. परंतु पोरक्या पोराच्या डोक्यावरील तेलाची नोंद मी तरी कोणत्या सरकारी कागदात पाहिलेली नाही.

या साऱ्याचा खर्च अखेर तमिळ रयतेच्या भातशेतीतूनच निघत होता, हे विसरून चालणार नाही. राजा दाता म्हणविला गेला, पण धान्य शेतकऱ्याचे होते. आणि सर्वांस अन्न मिळत असले तरी सारे एका पंक्तीस बसत होते असे मानण्याचे कारण नाही. मात्र आलेल्या माणसाची भाषा कोणती, हे त्या दारात कोणी विचारीत नव्हते, आणि मला त्याचेच मोल अधिक वाटते.

कंपनीने छत्रे राजांकडे राहू दिली. १८०२ साली सरफोजींनी ओरत्तनाडला मुक्तांबाळ हिच्या नावाने छत्र उभारले. १८५५ साली शेवटचे राजे शिवाजी निपुत्रिक वारले आणि संस्थान खालसा झाले. छत्रे पुढे सरकारी व्यवस्थेखाली गेली. तरी कित्येक ठिकाणी विद्यार्थ्यांची सोय चालू राहिली.

परवा संध्याकाळी त्या गृहस्थांस मी हे पत्र वाचून दाखविले. मध्यरात्रीच्या घंटेचा मजकूर त्यांनी दोनदा वाचून घेतला. त्यांच्या वडिलांच्या वेळी ती वाजत होती का, असे मी विचारले. ते हसले. वडिलांनी घंटेविषयी कधी काही सांगितले नव्हते. तेथल्या ताकाविषयी मात्र ते म्हातारपणीही बोलत असत, की ते पाणचट कधी नसे.