जायकवाडी पक्षी अभयारण्य : जीवावरण-राखीव क्षेत्राच्या कल्पनेतून

पैठणजवळ गोदावरीवर असलेल्या नाथसागर जलाशयाचे व त्याच्या काठाचे संरक्षित क्षेत्र. क्षेत्रफळ सुमारे ३४१ चौ. किमी. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील पैठण व गंगापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासा व शेवगाव या तालुक्यांत ते पसरले आहे. महाराष्ट्र शासनाने १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा दिला. त्याच वर्षी निलगिरी हे भारतातील पहिले जीवावरण-राखीव क्षेत्र घोषित झाले. आज देशात अशी १८ क्षेत्रे आहेत. महाराष्ट्रात त्यांपैकी एकही नाही. सर्वांत जवळचे मध्य प्रदेशातील पचमढी. माणसांना न उठवता निसर्ग कसा राखावा, हा या कल्पनेमागचा प्रश्न मात्र जायकवाडीत रोजचा आहे. काठावरची बरीच कुटुंबे धरणामुळे आधीच एकदा उठवली गेली असल्याने तो येथे अधिक नाजूकही आहे.

युनेस्कोने १९७१ मध्ये ‘माणूस आणि जीवावरण’ हा कार्यक्रम सुरू केला व १९७६ मध्ये राखीव क्षेत्रांची निवड सुरू केली. पुढे १९९५ मध्ये सेव्हिल येथे ठरलेल्या धोरणाने संवर्धन, स्थानिकांचा विकास आणि संशोधन-शिक्षण ही तीन कामे एकत्र बांधली. त्यासाठी जमिनीची विभागणी तीन पट्ट्यांत करतात. गाभ्यात हस्तक्षेप जवळजवळ नसतो, भोवतालच्या बफर पट्ट्यात निसर्गाला न दुखावणारे व्यवहार चालतात आणि बाहेरच्या संक्रमण पट्ट्यात गावे, शेती व उद्योग असतात. भारतात या क्षेत्रांसाठी स्वतंत्र कायदा नाही. गाभ्याला संरक्षण मिळते ते १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याचेच. या कायद्यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांत महत्त्वाचा फरक आहे. राष्ट्रीय उद्यानात लोकांचे हक्क संपुष्टात येतात, तर अभयारण्यात जिल्हाधिकारी चौकशी करून काही हक्क पुढे चालू ठेवू शकतात. जायकवाडीत लोकांना जी थोडी जागा उरते ती याच तरतुदीमुळे.

जायकवाडी धरणाची पायाभरणी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते ऑक्टोबर १९६५ मध्ये झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. सुमारे १० किमी लांबीचे हे मातीचे धरण असून सांडव्याला २७ दरवाजे आहेत. एकूण साठवणक्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट). पात्र सपाट प्रदेशात असल्याने जलाशय परातीसारखा उथळ व ऐसपैस आहे. त्याची लांबी ५५ किमी आणि कमाल रुंदी २७ किमी सांगितली जाते. शंभराहून अधिक गावांच्या काळ्या जमिनी त्याखाली गेल्या. विस्थापितांची नवी गावठाणे काठाच्या आसपासच वसली, आणि दहा वर्षांनी त्याच पाण्यावर अभयारण्याची सीमा आली. पक्ष्यांसाठी आपल्याला दुसऱ्यांदा जागा सोडावी लागेल, ही भीती काठावर आजही ऐकू येते. संवर्धनाची कोणतीही योजना आखताना ती गृहीत धरावीच लागते.

उथळपणा हेच येथील पक्षीवैभवाचे कारण आहे. पावसाळ्याअखेर जलाशय भरतो. नंतर कालव्यांतून पाणी सुटू लागले व बाष्पीभवन वाढले की काठ मागे सरकतो. पातळी थोडी उतरली तरी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्यातील किडे, शंखशिंपले, गवत व पाणवनस्पती हे पाणपक्ष्यांचे खाद्य. येथे २०० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. हिवाळ्यात तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, कांड्या करकोचा हे पाहुणे येतात. तिबेटच्या पठारावर व मध्य आशियात वीण करणारे पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून येथे उतरतात. उथळ पाण्यात रोहित पक्षी वाकडी चोच उलटी बुडवून चिखल गाळताना दिसतात. चित्रबलाक व नदी सुरय हे भारतातलेच रहिवासी. जलाशयात लहानमोठी सुमारे ३० बेटे असून नदी सुरय उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांवर उघड्या वाळूत अंडी घालतो. पाणी फार लवकर ओसरले तर बेट जमिनीला जोडले जाते. मग कुत्री आणि गुरे घरट्यांपर्यंत चालत पोहोचतात.

नकाशावर वर्तुळे काढून गाभा आणि बफर ठरवण्याची रीत येथे त्यामुळेच तोकडी पडते. ऑक्टोबरमध्ये जेथे खोल पाणी असते तेथे जानेवारीत चिखल आणि एप्रिलमध्ये कोरडी जमीन असते. जायकवाडीचा खरा गाभा पाण्याबरोबर सरकतो. त्याचे संरक्षण जागेइतकेच ऋतूने ठरायला हवे : विणीच्या महिन्यांत बेटांवर माणसांची व जनावरांची ये-जा बंद, हिवाळ्यात पक्ष्यांच्या चराऊ चिखलाला शांतता आणि उरलेल्या वेळी व जागी लोकांना मोकळीक. असा करार पाळणे गावकऱ्यांना कायमच्या बंदीपेक्षा सोपे जाईल आणि पक्ष्यांच्याही अधिक कामी येईल.

संघर्षाचे पहिले ठिकाण गाळपेर जमीन. पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी ही गाळाची जमीन शासनाच्या मालकीची असते. राज्यात अशी जमीन एका हंगामासाठी भाडेपट्ट्याने देण्याची पद्धत असून तीत प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य असते. ओल टिकून असल्याने हरभरा, गहू, ज्वारी थोडक्या पाण्यावर येतात. अभयारण्याच्या हद्दीत मात्र हाच पेरा अतिक्रमण ठरतो. पक्ष्यांच्या दृष्टीने त्याला दोन बाजू आहेत. नांगरट व विद्युतपंपांची वर्दळ चिखलावरचे पक्षी उठवते, कीडनाशके व खते थेट पाण्यात उतरतात. उलट पट्टकादंब कोवळ्या गव्हावर व हरभऱ्यावर ताव मारतात आणि करकोचे काढणीनंतर पडलेले दाणे टिपतात. नुकसान सोसणारा शेतकरी ज्या जमिनीवर पेरतो तिच्यावर त्याचा हक्कच मान्य नसेल, तर भरपाई मागायला त्याला आधार उरत नाही.

दुसरे ठिकाण मासेमारीचा व्यवसाय. भोई, कहार आणि इतर मच्छीमार कुटुंबे त्यावर जगतात. रोहू, कटला, मृगळ यांच्याबरोबर मरळ, वाम आणि बाहेरून आलेली चिलापी जाळ्यात येते. मासेमारीने पक्ष्यांचे नुकसान होतेच असे नाही. काय वापरले जाते यावर ते अवलंबून आहे. बारीक आसाची जाळी माशांची पिल्ले उपसून नेते, पाण्यात सोडून दिलेल्या जाळ्यात बुडी मारणारे पक्षी अडकतात आणि बेटांवरचे मुक्काम विणीत व्यत्यय आणतात. जाळ्याच्या आसाचे बंधन, विणीच्या काळातील विश्रांती आणि बेटांपासून अंतर एवढे पाळले तर मासे आणि पक्षी दोन्ही टिकतात. जलाशयावर रोज पहाटे असणारा माणूस मच्छीमारच असतो. शिकारीची किंवा मृत पक्ष्यांची पहिली खबर त्याच्याकडूनच येऊ शकते, म्हणून त्याला दूर सारणारे संरक्षण आंधळे ठरते.

पाण्याची पातळी मात्र यांपैकी कोणाच्याच हातात नाही. छत्रपती संभाजीनगर व जालना ही शहरे, वाळूजसारख्या औद्योगिक वसाहती आणि कालव्यांखालील शेती याच साठ्यावर अवलंबून आहेत. वरच्या बाजूला नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणे आहेत. पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या सूत्रानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरून पाणी सोडावे लागते. समन्यायी वाटपाचे हे तत्त्व मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये उचलून धरले. या हिशेबात पिणे, शेती आणि उद्योग यांचे वाटे मोजले जातात, पाणथळीसाठी स्वतंत्र वाटा नाही. अभयारण्याच्या व्यवस्थापनातील ही सर्वांत मोठी उणीव होय.

अभयारण्याभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा केंद्र सरकारने जुलै २०१७ मध्ये अधिसूचित केला. बफरच्या कल्पनेशी तो मिळताजुळता आहे. काही कामांवर त्यात बंदी असते, काहींचे नियमन होते आणि काहींना प्रोत्साहन दिले जाते. त्याचा अर्थ कसा लावायचा यावरून जलाशयावरील तरंगत्या सौर प्रकल्पाचा वाद उभा राहिला. टीएचडीसी इंडिया या सार्वजनिक कंपनीच्या निविदेला कहार समाज पंच समितीने राष्ट्रीय हरित लवादापुढे आव्हान दिले. अधिसूचनेत अपारंपरिक ऊर्जेला वाव आहे, अशी पर्यावरण मंत्रालयाची भूमिका होती. हे आव्हान फेटाळणाऱ्या लवादाच्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये नकार दिला. मच्छीमारांची उपजीविका आणि पक्ष्यांचे उघडे पाणी या प्रकरणात एकाच बाजूला उभे होते.