परिचारिकांचा स्वभाव, अनुभव आणि रुग्णसुरक्षा

रुग्णालयात रुग्णाच्या सान्निध्यात सर्वाधिक काळ असते ती परिचारिका. लखनौच्या चारबाग भागातील उत्तर रेल्वेचे विभागीय रुग्णालय असो वा मुंबईचे कामा रुग्णालय, डॉक्टरांची फेरी आटोपल्यावर औषधे, इंजेक्शने, सलाईन आणि नोंदी यांची जबाबदारी प्रामुख्याने तिच्यावरच येते. त्यामुळे तिच्या स्वभावाचा आणि अनुभवाचा रुग्णाच्या सुरक्षिततेशी निकटचा संबंध आहे.

मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे पाच प्रमुख पैलू मानले जातात. त्यांपैकी कर्तव्यदक्षता येथे सर्वाधिक महत्त्वाची ठरते. रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाच बाबी प्रत्येक वेळी पडताळून पाहणे हे कंटाळवाणे काम आहे. पहाटेच्या सुमारास तर अधिकच. डॉक्टरांनी लिहिलेल्या मात्रेविषयी शंका आल्यास ती बोलून दाखवण्याचे धैर्यही लागते. मात्र शंका विचारणाऱ्या परिचारिकेला वरिष्ठांकडून बोलणी खावी लागत असतील, तर केवळ स्वभावाला दोष देता येणार नाही.

अनुभवाविषयी अमेरिकेतील पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये केलेली मांडणी प्रसिद्ध आहे. नवशिक्या परिचारिकेपासून तज्ज्ञ परिचारिकेपर्यंत त्यांनी पाच टप्पे सांगितले. नवशिकी नियमांवर विसंबते, तर तज्ज्ञ परिचारिकेला रुग्णाची एकूण अवस्था पाहूनच काहीतरी बिघडत असल्याचे जाणवते. अनुभवाला दुसरी बाजूही आहे. सवयीमुळे पडताळणी गाळली जाण्याचा धोका असतो. म्हणूनच इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराईड यांसारखी जोखमीची औषधे देण्यापूर्वी दोघींनी स्वतंत्रपणे खात्री करण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत आहे.

स्वभाव आणि अनुभव या दोहोंची कसोटी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात लागली. दहशतवादी आवारात शिरल्यावर तेथील परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डाचे दरवाजे बंद करून २० गर्भवतींना लहानशा पँट्रीत हलवले. त्यांपैकी एकीला प्रसूतिवेदना सुरू होताच तिला आधार देत प्रसूतिकक्षात पोहोचवले. पुढे त्यांनी न्यायालयात कसाबविरुद्ध साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव कथन केला. अशा प्रसंगांची नोंद होते; वेळीच थांबवलेल्या चुकीच्या इंजेक्शनाची सहसा होत नाही.

तथापि, दक्षतेलाही मर्यादा आहेत. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अध्यापन रुग्णालयांत तीन, तर सर्वसाधारण रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका अपेक्षित आहे. रात्रपाळीत संपूर्ण वॉर्ड एक-दोघींनी सांभाळणे मात्र आपल्या सार्वजनिक रुग्णालयांना अपरिचित नाही.