पुण्यात भाड्याने फ्लॅट घेताय? मोबाईलवर शोधण्यापासून ऑनलाइन भाडेकरारापर्यंत सगळी माहिती

काटेवाडी, भवानीनगर, सणसर किंवा बारामती, कुठूनही कॉलेजला किंवा नोकरीला पुण्याला निघालात की पहिला प्रश्न राहायचं कुठे हाच असतो. अंतर साधारण शंभर किलोमीटर. रोज ये-जा करणं जमत नाही, आणि प्रत्येक खोली बघायला एसटीने जाणंही परवडत नाही. त्यामुळे शोध मोबाईलवरच सुरू होतो. डिपॉझिटही बऱ्याचदा मोबाईलवरूनच जातं. ते पैसे दुधाच्या किंवा उसाच्या बिलातून बाजूला काढलेले असतात, एकदा गेले तर परत जमवायला एक हंगाम जातो. म्हणून ही माहिती नीट वाचा.

शोधायचं कुठे?

नोब्रोकर, मॅजिकब्रिक्स, नाइन्टीनाइन एकर्स, हाउसिंग ही ॲप्स सगळ्यांना माहीत आहेत. फेसबुकवर पुण्यातल्या फ्लॅट आणि फ्लॅटमेटचे ग्रुप आहेत, तिथे एखादी रिकामी झालेली कॉट लवकर सापडते. स्पर्धा परीक्षेसाठी जाणार असाल तर सदाशिव पेठ, शनिवार पेठ, नारायण पेठ या भागात अजूनही दारावरची पाटी आणि ओळखीचा माणूस ॲपपेक्षा जास्त कामाला येतो. तिथे पूर्ण फ्लॅट घेण्यापेक्षा ‘कॉट बेसिस’ चालतं, म्हणजे खोलीतली एक कॉट आपली, बाकी सामायिक.

ॲपवर भाडं पाहताना चार आकडे एकत्र पाहा: भाडं, मेंटेनन्स, डिपॉझिट आणि ब्रोकरेज. भाडं कमी दाखवून मेंटेनन्स वेगळा सांगणं नेहमीचं आहे. ब्रोकर असेल तर तो अर्ध्या ते एका महिन्याच्या भाड्याइतके पैसे घेतो. ते आधीच ठरवा, किल्ली हातात आल्यावर नाही.

जागा ठरवण्याआधी गुगल मॅप्समध्ये ऑफिस किंवा कॉलेजचा रस्ता टाका आणि निघण्याची वेळ स्वतः सेट करा. सकाळी नऊची. रात्री अकराला वाकड ते हिंजवडी अगदी जवळ वाटतं, सकाळी तोच रस्ता वेगळाच असतो. दर शनिवारी गावी जाणाऱ्यांनी स्वारगेटचाही विचार करावा. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मेट्रो २०२४ च्या सप्टेंबरपासून पूर्ण सुरू आहे आणि बारामतीची एसटी स्वारगेटहून मिळते. हडपसरला राहणाऱ्यांना तर सासवड-जेजुरीचा रस्ता घराजवळूनच सुरू होतो.

‘मी आर्मीत आहे’ वाला फोन

हा प्रकार ऑनलाइन भाड्याच्या व्यवहारात इतका जुना झालाय, तरी दरवर्षी नवी मुलं अडकतात. जाहिरातीत मस्त फर्निचरचा फ्लॅट असतो, भाडं त्या भागाच्या मानाने फारच कमी. फोन केला की समोरचा सांगतो, मी लष्करात किंवा सीआयएसएफमध्ये आहे, बदली झालीय, फ्लॅट दाखवायला येता येत नाही. व्हॉट्सॲपवर ओळखपत्र आणि आधारचा फोटो पाठवतो. मग ‘टोकन’ मागतो. काही जण म्हणतात, आधी एक रुपया पाठवा, मग आमच्या खात्यातून पैसे परत येतील, फक्त क्यूआर स्कॅन करून पिन टाका.

यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. एवढं एक वाक्य घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण डिपॉझिट पुष्कळदा वडील किंवा काका पाठवतात आणि तुम्ही नुसता नंबर फॉरवर्ड करता.

फोटो खरे आहेत का ते गुगल लेन्सने तपासा. तोच हॉल बंगळुरूच्या जाहिरातीत सापडला तर विषय संपला. आणि फ्लॅट प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. स्वतः जाता येत नसेल तर पुण्यातल्या मित्राला पाठवा. गावातलं कुणी ना कुणी पुण्यात असतंच.

पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर रक्कम समोरच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. लाजेखातर दोन दिवस गप्प बसू नका.

मालक खरा आहे का?

मालकाकडे दोन कागद मागा: चालू महिन्याचं महावितरणचं बिल आणि मिळकतकराची पावती. दोन्हींवर कुणाचं नाव आहे ते बघा. नाव वेगळं असेल तर घाबरायचं कारण नाही, फ्लॅट आईच्या नावावर असू शकतो. पण मग करारावर सही आईचीच हवी, किंवा सही करणाऱ्याकडे कुलमुखत्यारपत्र हवं. बिलात मागची थकबाकी दिसली तर ती कोण भरणार हे तेव्हाच लिहून घ्या. आणखी खात्री करायची असेल तर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत फ्लॅटच्या दस्ताची सूची क्रमांक २ शोधता येते.

ब्रोकरला आधार पाठवायचं असेल तर यूआयडीएआयच्या साइटवरून ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून तेच पाठवा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

भाडेकरार: इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे

‘अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ५०० च्या बाँडवर नोटरी करू’ हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. देशाच्या १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला सूट आहे, त्यावरून ही समजूत आली. पण पुण्यासारख्या शहरात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला एवढंच शांतपणे सांगा.

आता तर नोंदणीसाठी कार्यालयात जायचीही गरज नाही. नोंदणी विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन सेवेत ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार ऑनलाइन होतो. माहिती भरायची, शुल्क ऑनलाइन भरायचं, आधारच्या आधारे बोटांचे ठसे आणि वेबकॅमवर फोटो द्यायचा. ठसे घ्यायचं मशीन घरी नसतं, म्हणून बहुतेक लोक एजंटला घरी बोलावतात.

खर्चाचा हिशोब सोपा आहे. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं १० टक्के वार्षिक व्याज या बेरजेवर. समजा भाडं १२,००० आणि डिपॉझिट ४०,०००, मुदत ११ महिने. भाडं झालं १,३२,०००, व्याज साधारण ३,६६७. बेरीज १,३५,६६७ आणि तिचे ०.२५ टक्के म्हणजे ३४० रुपयांच्या आसपास. शंभराच्या पटीत वर धरलं तरी ४००. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. म्हणजे काटेवाडीतलीच खोली नोंदवून भाड्याने दिली तर ही फी निम्मी. यावर कागदपत्र हाताळणी शुल्क आणि एजंटची मजुरी. एजंटने पाच-सहा हजार सांगितले तर त्यातलं सरकारी किती हे आता तुम्हाला विचारता येईल.

करारात डिपॉझिटचा पूर्ण आकडा लिहिलाय ना, हे दोनदा वाचा. काही मालक थोडी रक्कम रोख घेतात आणि करारात कमी दाखवतात. या कायद्याच्या कलम २४ प्रमाणे लायसन्सच्या करारात लिहिलेली गोष्ट निर्णायक पुरावा मानली जाते. मग चाळीसपैकी वीसच लिहिले असतील तर उरलेले वीस तुम्ही कुणाकडे मागणार? पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि व्यवहाराचा क्रमांक करारात टाका. लॉक-इन किती महिने, नोटीस किती दिवसांची आणि रंगाचे पैसे कापणार का, हेही तिथेच बघा.

तेच कलम २४ तुमच्याही विरुद्ध चालतं. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू शकते, म्हणून नवा करार महिनाभर आधीच काढा. मात्र भांडण झालं म्हणून मालकाला पाणी किंवा वीज तोडता येत नाही. कलम २९ त्यासाठीच आहे.

‘डिपॉझिट दोन महिन्यांपेक्षा जास्त घेता येत नाही’ असे रील फिरतात. ते २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याबद्दल आहे. तो केंद्राने दिलेला नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. त्याच्या भरवशावर मालकाशी वाद घालू नका, घासाघीस करा.

किल्ली मिळाली त्या दिवशी

सामान आत न्यायच्या आधी सगळ्या खोल्यांचा व्हिडिओ काढा: भिंतीवरची ओल, नळ, गीझर, पंखे, तुटलेली टाइल आणि वीज मीटरचं रीडिंग. तो त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲप करा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. सोडताना डिपॉझिटमधून काय कापायचं यावरचं निम्मं भांडण या व्हिडिओने मिटतं. भाडेकरूची माहिती पोलिसांना मालकाने द्यायची असते, पुणे पोलिसांच्या साइटवर ती ऑनलाइन भरता येते. भरली का ते विचारा.

नोंदवलेल्या कराराची पीडीएफ डिजिलॉकरमध्ये किंवा ड्राइव्हवर ठेवा. गॅस कनेक्शन, बँकेतला पत्ता, नोकरीत एचआरए, सगळीकडे ती लागते. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं तर एचआरएसाठी मालकाचा पॅनही द्यावा लागतो. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृह मिळालं नसेल तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेतून पुण्यासाठी वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. तिथेही भाड्याने राहत असल्याचा हाच कागद पुढे करायचा असतो.