लालबागच्या भुयारातला चुना

बुऱ्हाणपूरचा इतिहास सांगणारी माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी मुमताजपाशी येऊन थांबतात. १६३१ साली ती इथे बाळंतपणात गेली, काही महिने तिचा देह तापीपलीकडे झैनाबादेत ठेवला होता, मग आग्र्याला नेला. गाइड मंडळी हे गळा दाटून सांगतात. मी मात्र उभं आयुष्य नववी-दहावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवण्यात घालवलं. त्यामुळे माझं बुऱ्हाणपूर लालबागपासून सुरू होतं, तेही जमिनीखालून, आणि त्यात राणीऐवजी चुना आहे.

लालबाग म्हणजे स्टेशनाकडचा भाग. गाडीतून उतरलेले पाहुणे इथे रेंगाळत नाहीत. तटाच्या आतलं शहर, जामा मशीद, शाही किल्ला हे सगळं दक्षिणेला, तापीच्या बाजूला. आमच्याकडे ताप्ती मिल, कामगारांची घरं, केळीचे ट्रक, आणि जवळच रानात एका ओळीने गेलेली विहिरींची तोंडं. परका माणूस विचारतो, इतक्या जवळ जवळ इतक्या विहिरी कोणी खणल्या? त्या विहिरी नाहीतच. खाली एक सलग भुयार आहे आणि त्याला हवा-उजेड मिळावा म्हणून ठरावीक अंतरावर वर काढलेल्या या कुंड्या. शंभराहून थोड्या अधिक आहेत. सगळ्याला मिळून नाव कुंडी भंडारा.

साल १६१५. अब्दुल रहीम खानखाना तेव्हा दख्खनच्या कारभारात होता; ज्याचे दोहे आमच्या मुलांना हिंदीच्या पेपरात अर्थासहित लिहावे लागतात, तोच हा रहीम. त्याच वर्षी नोव्हेंबरात इंग्रज वकील सर टॉमस रो इथे शहजादा परवेझच्या दरबारात येऊन गेला. छावणीचं शहर, हजारो माणसं, घोडे, हत्ती, आणि पाणी तापीचं. शत्रूने नदीत विष कालवलं तर काय, या धास्तीने दुसरी सोय केली असं सांगतात. मला त्याहून साधं कारण पटतं: पावसाळ्यात तापीचं पाणी गढूळ होतं आणि उन्हाळ्यात ओसरतं. आखणी तबकुतुल अर्झ नावाच्या फारसी भूजलतज्ज्ञाची मानतात. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरलेलं पाणी जमिनीखालीच गाठायचं आणि नुसत्या उतारावर शहराकडे आणायचं. मोट नको, रहाट नको. इराणात अशा भुयारांना कनात म्हणतात. इथे असे आठ भंडारे होते. मूल भंडारा, सूखा भंडारा, चिंताहरण ही त्यांतली काही नावं. पण आत उतरून पाहता येतं ते कुंडी भंडाऱ्यात.

उतरायला आता लिफ्ट आहे. ऐंशीएक फूट खाली. पायाखाली वाहतं पाणी, आणि मुलांच्या तोंडून पहिला शब्द हमखास निघतो: ‘मॅडम, गुफा!’ कारण भिंती बांधलेल्या वाटतच नाहीत. पांढुरक्या, पिवळट, खडबडीत थरांनी त्या भरल्या आहेत. कुठे ओघळ, कुठे फुगवटे. मूळ भुयार किती रुंद असेल याचा अंदाज या थरांमुळे लागत नाही. माझ्या अध्यापनातला सगळ्यात मोठा फळा हाच, असं मी म्हणते.

कारण हा थर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आणि तो तिथे कसा आला हे नीट सांगता आलं, तर दहावीच्या पुस्तकातली पहिली दोन प्रकरणं बऱ्यापैकी झाली म्हणून समजा.

सुरुवात पावसापासून. पावसाचा थेंब हवेतला सीओटू थोडासा विरघळवून घेतो. स्वच्छ पावसाच्या पाण्याचाही पीएच सात नसतो, ५.६ च्या आसपास असतो. पण खरी भर पडते मातीत. वरच्या हवेत सीओटू दहा हजारांत चार भाग, तर मुळं आणि जिवाणू जिथे श्वास घेत असतात त्या मातीतल्या हवेत त्याच्या कितीतरी पट. तिथून झिरपणारं पाणी सौम्य आम्ल होऊन खाली जातं. खाली काय आहे? सातपुड्याचा काळा पाषाण, ज्यातल्या खनिजांत कॅल्शियम आहे, आणि पायथ्याचा गाळ, ज्यात चुनखडीचे खडे सापडतात. आम्लाने त्यांतलं कॅल्शियम उचललं आणि पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट झालं. ते दिसत नाही, कारण ते विरघळलेलं आहे. लोक म्हणतात पाणी जड आहे, सीमेपलीकडे रावेरच्या शाळेत मराठी पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात, आमच्या हिंदी पुस्तकात कठोर जल.

आता ते पाणी भुयारात शिरतं, आणि इथे मुलांना मी थांबवते. दाबाखाली असलेलं पाणी मोकळ्या हवेत आलं. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर जे होतं तेच, फक्त इतकं हळू की बुडबुडा दिसत नाही. सीओटू निघून जातो. तो गेला की बायकार्बोनेट टिकत नाही. कार्बोनेट होऊन भिंतीला बसतं. म्हणजे ज्या कुंड्या आतल्या माणसाला श्वास घेता यावा म्हणून ठेवल्या, त्यांनीच भुयार चोंदायला मदत केली असणार. खाली मोकळी हवा खेळती नसती, तर सीओटू आत कोंडून राहिला असता आणि चुनाही पाण्यातच राहिला असता. कारागिरांची चूक म्हणू नका. हा वायू वेगळा आहे आणि चुन्यात बांधलेला असतो हे एडिंबराच्या जोसेफ ब्लॅकने छापून सांगितलं ते १७५६ साली, कुंड्या खणून एकशे एकेचाळीस वर्षं झाल्यावर.

गंमत अशी की त्याच कारागिरांच्या हातात दुसरा चुना होताच. कुंड्यांचं बांधकाम विटांचं, चुन्यात केलेलं. चुनखडी भट्टीत भाजली की सीओटू उडून जातो आणि कळीचा चुना उरतो. पाणी टाकलं की तो फसफसतो, तापतो. पुस्तकात याला संयोग अभिक्रिया आणि उष्मादायी अशी दोन उत्तरं एकाच प्रश्नाला लागतात. मग तो वाळूबरोबर मळला, विटांत भरला, आणि वर्षानुवर्षं हवेतला सीओटू घेत घेत तो परत दगड झाला. भिंतीच्या आतला सांधा आणि भिंतीवरचा थर, दोन्ही एकच पदार्थ. एक गवंड्याने आणला, दुसरा पाण्याने. वर्गात मी विचारते, कोणता जुना? बहुतेक मुलं थराकडे बोट दाखवतात, कारण तो जास्त म्हातारा दिसतो.

जड पाण्याचा त्रास लालबागला खऱ्या अर्थाने जाणवला तो वाफ आल्यावर. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता रुळांनी जोडले गेले तेव्हा भुसावळ-खांडवा मार्गावरचं बुऱ्हाणपूर त्या वाटेवर होतं. पुढे मिल आली. इंजिन असो की गिरणी, पाणी उकळायचं म्हणजे बायकार्बोनेट मोडायचं, आणि कार्बोनेट बॉयलरच्या नळ्यांना बसायचं. आमचे अण्णा मिलच्या बॉयलरवर होते. बॉयलर थंड करून आत शिरायचं आणि छिन्नी-हातोडीने ती साल ठोकून काढायची, हे काम त्यांनी केलं. ते सांगायचे की साल जाड झाली की कोळसा जास्त खातो आणि नळी लाल होते. उष्णता वाहून नेण्याबद्दल पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात जे लिहिलं आहे ते हेच. एकदा त्यांनी सालीचा तळहाताएवढा तुकडा घरी आणला. आईने त्यावर लिंबू पिळलं आणि तो सळसळला. मी तेव्हा बहुधा सहावीत असेन. रसायनशास्त्र हा विषय आहे हेही मला ठाऊक नव्हतं.

या त्रासावरचा उपाय मला अजूनही शिकवायला आवडतो, कारण मुलांना तो खोटा वाटतो. १८४१ मध्ये स्कॉटलंडच्या टॉमस क्लार्कने पेटंट घेतलं: पाण्यातला चुना काढायचा असेल तर त्यात चुना टाका. मुलं हसतात. मग समीकरण लिहायला लावायचं. चुन्याची निवळी बायकार्बोनेटशी मिळाली की दोघांचंही कार्बोनेट होऊन खाली बसतं. हसणं थांबतं, आणि समीकरण संतुलित करताना दोन रेणू कार्बोनेट का येतात हे न सांगता कळतं.

उजळणी मी नेहमी अशीच घेतली. परीक्षेच्या तोंडावर पोरं गाइडमधून प्रश्नोत्तरं पाठ करतात: विघटन म्हणजे काय, दोन उदाहरणं, अवक्षेपण म्हणजे काय, दोन उदाहरणं. त्याऐवजी एका पदार्थाचं बोट धरून निघायचं. भट्टीत विघटन, हौदात संयोग, निवळीत फुंकर मारली की दुधाळ पाणी, फुंकत राहिलं की पुन्हा नितळ, ते उकळलं की पुन्हा गढूळ, साबण लावला की फेसाऐवजी चिकट मळी. सुरुवात चुनखडीने, शेवट चुनखडीने. ज्याला हा फेरा तोंडपाठ न करता सांगता येतो, त्याला मी पुढच्या प्रकरणाकडे सोडते.

याला पुस्तकांची साथ कमी कमी होत गेली हे खरं. मध्य प्रदेश बोर्डाने एनसीईआरटीची पुस्तकं घेतली तेव्हा मी खूश होते. चुन्याच्या निवळीचे प्रयोग त्यांत चांगले आहेत. पण अलीकडच्या काटछाटीत दहावीतून मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचं प्रकरण गेलं आणि अकरावीतून हायड्रोजनचं, ज्यात पाण्याच्या कठीणपणाचं विवेचन होतं. ओझं कमी झालं म्हणतात. मला वाटतं, ज्या जिल्ह्यात जमिनीखाली तो धडा वाहतो आहे तिथे तरी तो ठेवायला हरकत नव्हती. हाताने करून विज्ञान शिकवण्याची परंपरा या राज्यात नव्हती असंही नाही. होशंगाबादला १९७२ पासून तीस वर्षं सरकारी शाळांतली सहावी ते आठवीची मुलं ‘बाल वैज्ञानिक’ घेऊन प्रयोग करत होती. २००२ मध्ये सरकारने ते थांबवलं.

आमच्या शिकवणीला घरी मराठी बोलणारी, उर्दू बोलणारी, निमाडी बोलणारी मुलं एकत्र बसतात. १९५६ पर्यंत आमचा कारभार नागपूरहून चालत होता, त्याची ही उरलेली खूण. ताप्ती मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हा बॉयलरची उदाहरणं मला जुनी म्हणून सांगावी लागतात. भंडाऱ्याचं पाणीही पूर्वीइतकं राहिलेलं नाही. एका बाजूने चुना आणि गाळ, दुसऱ्या बाजूने बोअर. केळीला पाणी लागतं, बोअर खोल जातात, आणि भुयारात झिरपायचं पाणी त्याआधीच वर ओढलं जातं. २०२४ मध्ये भंडाऱ्याचं नाव युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत लागलं, तेव्हापासून साफसफाईची चर्चा जास्त ऐकू येते.

त्यावरूनच एका मुलाने विचारलं, ‘मॅडम, अ‍ॅसिड ओतून थर काढत का नाहीत? संडासाच्या फरशीचा तर निघतो.’ प्रश्न हुशारीचा होता, म्हणून उत्तर त्यालाच काढायला लावलं. एक किलो थर, म्हणजे दहा मोल कार्बोनेट. लागणारं हायड्रोक्लोरिक आम्ल ७३० ग्रॅम. निघणारा सीओटू ४४० ग्रॅम, खोलीच्या तापमानाला साधारण २४० लिटर. आणि तो हवेपेक्षा जड, म्हणजे ऐंशी फूट खाली तळाशी साचणार, जिथे साफ करणारा माणूस उभा आहे. हे लिहून झाल्यावर त्याची मैत्रीण म्हणाली, ‘आणि विटांमधला चुना? तोही विरघळेल ना?’ त्याने वहीत खाली तेही लिहिलं, आणि मग छिन्नीने काढायचं तर किती मजूर लागतील याचा हिशेब मांडायला लागला.