वाटसरूची धर्मशाळा आणि परळचा रुग्ण

मुंबई-आग्रा मार्गावर नाशिकपासून सुमारे ३० किलोमीटर पुढे निफाड तालुक्यात वसलेले पिंपळगाव बसवंत द्राक्षे, कांदा व टोमॅटो यांच्या बाजारपेठेमुळे आज सर्वदूर परिचित आहे. परंतु या गावाच्या स्वभावाची घडण समजून घ्यावयाची, तर बाजार समितीच्या आवाराइतकेच त्याच्या वाटांकडेही पाहावे लागते. एक वाट नाशिक-त्र्यंबकाकडे जाते, दुसरी वणीमार्गे सप्तशृंगीच्या गडाकडे वळते, आणि हमरस्ता ईशान्येस होळकरांच्या चांदवडकडे निघतो. कर्करोगाने ग्रस्त झालेल्या माणसाला महाराष्ट्राने जो आधार दिला, त्याचा इतिहास रुग्णालयाच्या दप्तरात शोधण्यापूर्वी अशा वाटांवर शोधावा, असे मला वाटते; कारण यात्रेकरूसाठी निर्माण झालेल्या संस्थाच पुढे रुग्णाच्या कामी आल्या, आणि जेथे त्या अपुऱ्या पडल्या तेथे नव्या संस्थांना जन्म घ्यावा लागला.

धर्मशाळा, अन्नछत्र, पाणपोई आणि विहीर ही जुन्या काळच्या लोकोपयोगी बांधकामाची चतुःसूत्री होती. चांदवडचा रंगमहाल ज्यांच्या नावाशी निगडित आहे त्या अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या आपल्या कारकिर्दीत तीर्थोतीर्थी घाट व धर्मशाळा उभारल्या, आणि संस्थानिकांपासून सावकारांपर्यंत ज्यांना ऐपत होती त्यांनी आपापल्या मगदुराप्रमाणे तोच कित्ता गिरविला. या व्यवस्थेचा गाभा असा की, वाटसरूला सहसा आपली ओळख पटवावी लागत नसे. तो दमलेला आहे एवढी एकच सबब ओसरीवर पथारी टाकण्यास पुरेशी असे. मुक्काम मात्र बहुधा तीन रात्रींचा. यात्रेकरू येतो आणि जातो, हे गृहीत धरूनच सारी तजवीज केलेली असे.

गावातल्या आजाऱ्याची व्यवस्था निराळी होती. कुणब्याच्या घरचा कर्ता पुरुष अंथरुणास खिळला, तर भाऊबंद सावडीने, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबण्याच्या रीतीने, त्याची पेरणी उरकून देत, शेजारीण दोन भाकऱ्या अधिक थापी, आणि आडत्याकडून येत्या पिकावर उचल मिळे. परंतु ही सारी सोय ज्याचा शेवट दृष्टिपथात आहे अशा दुखण्याची होती. गाठीच्या दुखण्याने, म्हणजे कर्करोगाने, ती विसकटून टाकली. हा रोग वर्षानुवर्षे चाले, त्याचे नाव उच्चारण्यास लोक धजत नसत, तो संसर्गाने पसरतो या गैरसमजापायी रुग्णाचे ताट-तांब्या वेगळे काढले जात, आणि घरात मुलीचे लग्न ठरावयाचे असेल तर ‘मोठा आजार’ एवढ्या मोघम शब्दांवर वेळ मारून नेली जाई. पुष्कळदा रुग्णाखेरीज घरातल्या प्रत्येकाला निदान ठाऊक असे. ज्या मायेपोटी ते लपविले जाई, तिच्यामुळेच रुग्ण आपल्या भीतीसह एकटा पडे.

या रोगावरील आधुनिक उपचारांचे महाराष्ट्रातील पहिले मोठे केंद्रही एका कुटुंबाच्या दुःखातून उभे राहिले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली परदेशात रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढील वर्षी त्यांचे पती सर दोराबजी टाटाही गेले. आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे ८० खाटांचे टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे सोपविण्यात आले. निफाड तालुक्यातला माणूस मात्र या स्थित्यंतरांच्या भानगडीत न पडता ‘टाटाला नेलंय’ एवढेच सांगतो, आणि ऐकणाराही पुढे काही विचारीत नाही.

येथे उपचाराच्या स्वरूपानेच एक अनपेक्षित प्रश्न निर्माण केला. ज्याला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात तो किरणोपचार दररोज काही मिनिटांचा असतो, परंतु आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे तो अनेकदा पाच ते सात आठवडे चालतो. आणि किमोच्या फेऱ्या बहुधा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने येतात. अशा रुग्णाला खाट मिळत नाही आणि घरीही परतता येत नाही. १९७५ साली सुरू झालेल्या पंचवटी एक्सप्रेसने निफाड, नाशिकरोड येथून मुंबई एका सकाळीत गाठता येऊ लागली, रेल्वेने कर्करोग्यास शयनयानात पूर्ण व सोबत्यास तीन चतुर्थांश सवलत दिली. तरी रात्री पाठ कोठे टेकावी, हा प्रश्न उरलाच. परळच्या पदपथांवर प्लास्टिकच्या पिशवीत केसपेपर, क्ष-किरणांच्या फिल्मा आणि रक्ताच्या तपासण्यांचे कागद उराशी धरून झोपणारी कुटुंबे हे या प्रश्नाचे उघड्यावर पडलेले रूप होते.

त्याचे उत्तर जुन्याच संस्थेने दिले. गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या होत्या, आणि भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा व रोग्याला औषधोपचार हाच धर्म, असे ते कीर्तनातून लोकांच्या गळी उतरवीत. त्यांच्या नावाने दादर येथे चालणाऱ्या धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण व त्यांचे नातलग अल्प दरात राहू लागले. येथे तीन रात्रींचा दंडक निरुपयोगी ठरून मुक्कामाची मुदत उपचाराच्या मुदतीशी जोडली गेली, हा धर्मशाळेच्या इतिहासातील महत्त्वाचा पालट मानला पाहिजे. अन्नछत्राचेही तसेच झाले: हरखचंद सावला यांच्या जीवनज्योत संस्थेने १९८० नंतरच्या दशकात टाटा रुग्णालयासमोर रुग्णांना व नातलगांना जेवण देण्यास प्रारंभ केला. थोर शल्यविशारद डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या स्मरणार्थ वांद्र्यास परगावच्या रुग्णांसाठी निवास झाला, आणि २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेने कर्करोगग्रस्त बालकांना आईबापांसह राहण्याची सोय केली.

छप्पर आणि ताट यांचा बंदोबस्त झाल्यावर तिसरी गरज स्पष्ट दिसू लागली, आणि तिच्यासाठी जुन्या व्यवस्थेत तयार साचा नव्हता. कोणत्या खिडकीवर कोणता कागद द्यावा, डॉक्टरांनी इंग्रजीत सांगितले त्याचा मथितार्थ काय, केस गळाल्यावर सुनेने माहेरी जावे की न जावे, या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस हवा होता. दोराबजींच्याच निधीतून १९३६ साली मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली होती, जी आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, ती या देशातील पहिली. डॉ. डी. जे. जसावाला व नवल टाटा यांनी १९५१ साली इंडियन कॅन्सर सोसायटी स्थापिली, १९६९ साली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन उभी राहिली. १९९४ साली स्वतः या व्याधीतून बाहेर आलेल्या वंदना गुप्ता यांनी व्ही केअर ही संस्था काढली, तेव्हा आधाराच्या इतिहासात एक नवेच पात्र प्रविष्ट झाले: बरा झालेला रुग्ण. दाता आणि याचक यांच्यामधले अंतर ज्याच्यापाशी लोप पावते असा हा मनुष्य. ‘मलाही झाला होता’ हे त्याचे तीन शब्द निदान लपविण्याच्या रूढीला जेवढा धक्का देतात तेवढा कोणत्याही व्याख्यानाने दिला नसेल.

जेथे उपचार थकतात तेथे काय करावे, याचे उत्तर टाटा रुग्णालयातीलच डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्यास शांती अवेदना सदन स्थापून दिले. भारतातील हे पहिले शुश्रूषालय (हॉस्पिस), आणि पुढे गोव्यातही त्याची शाखा झाली. वेदनाशमनासाठी लागणारे मॉर्फिन मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या परवान्यांत अडकून पडले होते. ती गाठ २०१४ च्या दुरुस्तीने बरीच सैल झाली. औषधाची किंमत हाही कायद्याचाच विषय ठरला. रक्ताच्या एका कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाचा महिन्याचा खर्च तेव्हा सुमारे सव्वा लाख रुपये होता, आणि त्याच घटकाच्या देशी औषधाचा आठ-दहा हजारांच्या घरात; ग्लिव्हेकच्या कंपनीने केलेल्या एकाधिकाराच्या (पेटंटच्या) दरखास्तीस कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली, आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दरखास्त फेटाळली. अन्नदानाच्या परंपरेतून आलेल्या सेवाभावाने न्यायासनापुढे रुजू व्हावे, ही घटना लहान नव्हे.

दरम्यान सरकारनेही हात घातला. १९९७ ची जीवनदायी योजना, २०१२ ची राजीव गांधी योजना आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना, या क्रमाने कर्करोगाचा खर्च अंशतः सरकारी तिजोरीवर आला. नाशिक शहरातही या रोगाच्या उपचारांची सोय झाली. पिंपळगावच्या रुग्णाला आता प्रत्येक शेकासाठी परळ गाठावे लागत नाही. परंतु किमोची फेरी जेव्हा द्राक्षांच्या एप्रिलमधील खरड छाटणीवर येते, तेव्हा बाग कोणी सांभाळावी. रेशनकार्डावरील नावात एक अक्षर चुकले असेल तर योजनेचा अर्ज कोणी मार्गी लावावा. नाकातली नळी रात्री निसटली तर कोणाचे दार ठोठावावे. या प्रश्नांची उत्तरे मुंबईत नाहीत. ती गावातच द्यावी लागतात.

आणि येथेच पूर्वजांची दूरदृष्टी आपल्याला लाजविते. त्यांनी धर्मशाळा केवळ तीर्थाच्या पायरीशी बांधल्या नाहीत, वाटेवरच्या मुक्कामांवरही बांधल्या. कारण थकवा वाटेत येतो हे त्यांना ठाऊक होते. कर्करोग्याचा आधार मात्र आपण परळ, दादर आणि वांद्रे येथेच एकवटला, आणि परतीच्या प्रवासाला त्याला एकटे सोडले. प्रत्येक तालुक्याच्या बाजारगावी एक जाणता कार्यकर्ता, मॉर्फिन देऊ शकणारा एक दवाखाना, आणि बऱ्या झालेल्या चार माणसांची बैठक एवढी सामग्री जमविणे, ज्या पंचक्रोशीच्या आवारात दररोज लक्षावधी रुपयांचे लिलाव होतात, तिला अशक्य नाही. सावड ही शब्दकोशात जमा करण्याची गोष्ट नव्हे. ज्या घरी हा रोग शिरला आहे त्या घरची छाटणी वेळेवर करून देणे, हा तिचा आजचा अर्थ आहे, आणि त्यासाठी कोणाच्या सनदेची वाट पाहावी लागत नाही.